धाकट्याची जागा

१

वसंतात समुद्र खुला झाला आणि रोमहून आलेल्या पहिल्याच गलबतानं ती बातमी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लेप्किसला आणली. म्हाताऱ्या सम्राटामागं त्याचे दोघं मुलगे जोडीनं गादीवर बसले होते. वर्षही सरलं नव्हतं, तोच थोरल्यानं धाकट्याला मारवलं. आईच्या कुशीत, असं खलाशी सांगत. हे घराणं मूळचं लेप्किसचं. गावातला निम्मा माणूस त्यांच्याशी दूरचं का होईना, नातं सांगायचा. तेव्हा आता रडावं की गप्प बसावं हे गावाला कळेना, आणि ते कळायच्या आत पाठोपाठ हुकूम आला. धाकट्याचं नाव कुठल्या दगडावर दिसता कामा नये. कुणाच्या तोंडून निघता कामा नये. निघालं, तर त्याची मान गेलीच.

नाव खोडायचं काम इद्दिबाल पाथरवटाकडं आलं. दुसऱ्या कुणाकडं जाणार? नऊ वर्षांपूर्वी ते कुटुंब गावी आलं होतं तेव्हा बाजारपेठेत, नाट्यगृहात आणि चौकातल्या मोठ्या कमानीवर ती नावं त्यानंच कोरली होती.

पहिल्या दिवशी नगरसभेचा कारकून कांदिदुस त्याच्याबरोबर बाजारपेठेत आला. काठीनं त्यानं शिळेवर दाखवलं, "इथून इथपर्यंत."

"म्हणजे कुणाचं?" इद्दिबालनं विचारलं.

"तुला माहीत आहे कुणाचं."

"मी अडाणी माणूस. नाव सांगा, म्हणजे चूक व्हायची नाही."

"हलकटा, माझ्या तोंडून वदवून घेतोस होय? तीन लेकरं आहेत मला."

दोघंही हसले. मग इद्दिबालनं छिन्नी लावली. अक्षरं खोल होती, त्याच्याच हातची, आणि आपलं काम आपणच फोडताना मनगट जड होतं तसं त्याचं झालं. दुपारपर्यंत त्या जागी एक खडबडीत, पांढुरकी पट्टी तेवढी राहिली. अंगावरची भुकटी झटकून तो कांदिदुसबरोबर पायऱ्या उतरू लागला. बाजार उठला होता, पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. अर्ध्यात आल्यावर कांदिदुस एकदम भिंतीकडं सरला, पोट आत घेतलं, आणि दोघांच्या मधून कुणाला तरी जाऊ द्यावं तसा क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू लागला. बोलणं चालूच होतं त्याचं, यंदाच्या तेलाबद्दल.

इद्दिबालनं मागं वळून पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या.

२

घरी आला तर अरिषतनं चटईवर तीन वाडगे मांडलेले.

"कोण येणार आहे गं?"

"कोण येणार?" ती म्हणाली. मग तिची नजर वाडग्यांकडं गेली. "अगं बाई. हात गेला."

त्यानं मनाशी हिशोब जुळवला. लेक बिरिक्त शरद ऋतूत ओएआला सासरी गेली. वीस वर्षं या घरात तीन वाडगे मांडले जात होते, हाताची सवय इतक्यात सुटते होय? त्यानं ते बोलूनही दाखवलं. अरिषतनं मान डोलावली आणि तिसरा वाडगा उचलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन, आणि तिसऱ्यात सातूची पेज ओतून वर तेलाची धारही सोडलेली. बिरिक्तला पेजेवर तेल कधीच चालायचं नाही. त्या सकाळी इद्दिबालनं नाट्यगृहातलं नाव खोडलं होतं आणि खांदा भरून आला होता.

तिसऱ्या दिवशी वाडगे दोनच होते. त्याला बरं वाटलं. जेवता जेवता त्याच्या लक्षात आलं, की आपण नेहमीच्या जागी बसलेलोच नाही. भिंतीला टेकायची त्याची जागा चटईवर झिजून खोलगट झाली होती, आणि तो तिच्यापासून हातभर बाजूला, अवघडून, अर्धा जमिनीवर बसला होता. अरिषतही पलीकडं सरकली होती. मधली जागा दोघांनी सोडली होती. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

तो उठून आपल्या जागी बसला.

३

सणाच्या आदल्या दिवशी स्नानगृहात ही गर्दी. गरम खोलीतल्या बाकावर माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, वाफेत सगळे सारखेच दिसत होते. इद्दिबालला कोपरा मिळाला. खांद्याला ऊब लागली तशी त्याला डुलकी येऊ लागली. कितीतरी दिवसांनी जीव थोडा सैलावला.

डोळे उघडले तेव्हा त्याच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती.

आधी त्याला त्यात काही वाटलं नाही. मग दारातून एक जाडजूड तेली आला, जागा शोधत बाकाच्या कडेकडेनं चालत आला, त्या रिकाम्या जागेसमोर जरासा थबकला आणि पुढं जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. पाठोपाठ दुसरा आला. तोही उभाच राहिला. बाकाच्या पलीकडच्या टोकाला माणसं एकमेकांना कोपरं मारत होती, शिव्या देत होती, आणि इकडं हातभर दगड नुसता पडून होता.

"अहो, बसा की इथं," इद्दिबाल तेल्याला म्हणाला.

"तिथं?" तेल्यानं पाहिलं. "नको. दाटी होईल."

"दाटी कसली? रिकामं आहे."

"हो," तेली म्हणाला. पण हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल नव्हतं, काहीच नव्हतं. परक्याच्या घरात आपण नको तिथं बसत नाही, तेवढंच काहीतरी होतं.

इद्दिबालनं त्या जागेवर हात ठेवून पाहिला. दोन्ही बाजूंचा दगड चांगलाच तापला होता. तिथला मात्र अंगाइतकाच कोमट होता, कुणी नुकतं बसून उठावं तसा. अंग न पुसताच तो कपडे चढवून बाहेर पडला. घाम आहे, वाफ आहे, आपण थकलोय, असं तो वाटभर स्वतःला बजावत होता. दगडाची त्याला चाळीस वर्षांची ओळख होती, आणि एकाच शिळेचा मधलाच तुकडा थंड राहत नाही हेही ठाऊक होतं.

४

मुत्थुन हमाल बंदरावर गोण्या वाहायचा. सत्तरीला आलेला, एका कानानं बहिरा. त्याला लॅटिनचा गंध नव्हता, आणि रोममध्ये कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणंही नव्हतं. इद्दिबालच्या बापाचा तो मित्र, म्हणून इद्दिबाल त्याला काका म्हणायचा.

बंदराच्या दीपस्तंभाजवळची शिळा खोडून इद्दिबाल परत निघाला, तेव्हा मुत्थुन गोणीवर बसून सुके अंजीर चघळत होता.

"ये रे पोरा. बसा, बसा दोघं."

इद्दिबाल जागीच थांबला. "दोघं कोण, काका? मी एकटाच आहे."

"हं," म्हातारा म्हणाला. त्याची नजर इद्दिबालच्या खांद्याच्या जरा पलीकडं होती. "भला दिसतोय. गप्प गप्प आहे. काय नाव म्हणालास याचं?"

"मी काही म्हणालोच नाही."

"थांब, जिभेवर आहे." आणि मुत्थुनचे ओठ हलू लागले. अंजिराचा चोथा हनुवटीवरून ओघळला. वाचता न येणारा तो माणूस एखादं मोठं अक्षर बोटानं चाचपत वाचावं तसं पहिलं अक्षर जुळवू लागला. मग दुसरं.

"काका, गप्प बसा!" इद्दिबालनं त्याच्या तोंडावर हात दाबायला झेप घेतली. पण म्हातारा बहिरा, त्यामुळं बोलायचा तो मोठ्यानंच. नाव सबंध निघालं. स्वच्छ, वरच्या पट्टीत, सगळ्या धक्क्यावर ऐकू जाईल असं.

धक्क्यावर दोन शिपाई तराजूजवळ उभे होते. ते सावकाश चालत आले, त्यांनाही ते नकोच होतं. एक जण म्हणाला, "आजोबा, असं कसं केलंत?" मुत्थुनला काय झालं ते शेवटपर्यंत उमगलं नाही. जाताना तो इद्दिबालला सांगत होता, "माझी गोणी बघ रे, उंदीर लागतील."

दोन दिवसांनी त्याचं डोकं धक्क्यावर लावलं होतं.

५

"मी पुढचं काम करणार नाही," इद्दिबाल कांदिदुसला म्हणाला. "एक कमानच राहिली आहे. दुसरा बघा कुणी."

नगरसभेच्या कचेरीत दुपारचं ऊन आत आलं होतं. चारही कारकून भिंतीला चिकटून, मांडीवर फळ्या घेऊन लिहीत होते. मधलं लांबलचक मेज आणि त्याच्या टोकाची खुर्ची कुणी वापरत नव्हतं.

"नाही म्हणालास तर वर काय लिहू?" कांदिदुस हळू आवाजात म्हणाला. "पाथरवटाला धाकट्याचा पुळका आला, असं? तुला नेतील, मग अरिषतला नेतील. तुला सांगतो, लवकर उरकून टाक. एकदा सगळं खोडून झालं, की संपेल."

"काय संपेल?"

कांदिदुसच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "माझी धाकटी पोर," तो म्हणाला, "तीन वर्षांची आहे. काल अंगणात एकटीच कुणाशी तरी चेंडू खेळत होती, आणि त्याला नावानं हाक मारू लागली. मी तिच्या तोंडात बोळा कोंबला, इद्दिबाल. स्वतःच्या लेकराच्या."

घरी अरिषत जात्यापाशी बसली होती. जातं थांबलेलं, आणि दोन्ही हातांनी तिनं तोंड घट्ट धरलं होतं. तो दिसताच ती हात न काढता रडू लागली.

"काय झालं?"

"सकाळपासून जिभेवर एक नाव आहे," ती बोटांच्या फटीतून म्हणाली. "कुणाचं ते मला ठाऊक नाही. कुणी उपाशी दारात उभा असावा, आणि आपण हाक मारली की आत येईल, असं वाटतंय. मला त्याची फार दया येतेय हो. मी मारू का हाक?"

"नाही!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारची कोंबडी फडफडली. त्यानं रांजणातलं एक खारवलेलं ऑलिव्ह काढून तिच्या तोंडात ठेवलं. "हे चावायचं नाही, थुंकायचं नाही. मी परत येईपर्यंत नुसतं धरून ठेवायचं."

ऑलिव्ह गालात धरून तिनं मान हलवली. हत्यारांची पिशवी उचलून तो तडक कमानीकडं निघाला.

६

बाजाराचा दिवस होता. कमानीखाली चौकात माणूस मावत नव्हता. मासे, भोपळे, मडकी, आणि दोरीनं बांधलेल्या शेळ्यांचा एकच गलका. दोन गड्यांनी परांचीचे दोर ताणून धरले, तसा इद्दिबाल शिडीवरून पाच पुरुष उंच चढला आणि फळीवर जाऊन उभा राहिला.

अक्षरं तासाभरात गेली. त्यांच्या बाजूला शिळेत ते सबंध कुटुंब कोरलं होतं. बाप, आई, थोरला, आणि आईच्या हाताशी धाकटा. ती मूर्ती इद्दिबालच्या हातची नव्हती, परगावच्या कारागिराची होती. पण काम सुंदर होतं. गालांवर अजून पोरपणाची गोलाई होती. इद्दिबालनं तिच्याकडं न बघता घाव घातला. नाक गेलं. मग हनुवटी. मग डोळे. भुकटीचा लोट उठला आणि त्याला ठसका लागला.

त्याच वेळी वारा पडला. समुद्राच्या गावात भर दुपारी वारा असा पडत नाही. भुकटी जिथल्या तिथं हवेत तरंगत राहिली, आणि मग सरळ खाली उतरू लागली. उन्हात तिचा कण न् कण दिसत होता.

त्याच्या डाव्या हाताला, फळीवर, ती कशावर तरी उतरत होती.

आधी एक उतार दिसला. खांद्याचा. मग दुसरा. मधे गळ्याचा खळगा, आणि मानेची सुरुवात. दळणाच्या पिठासारखी ती त्यावर बसत गेली, वर वर चढत गेली, आणि जिथं हनुवटी सुरू व्हायची तिथं थांबली. त्याच्या वर भुकटी नुसतीच खाली पडत होती. तिला थांबायला काही नव्हतं.

फळी वाकली. तो खांदा एक पाऊल जवळ आला.

आणि इद्दिबालनं वाट दिली. विचार न करता, कांदिदुसनं पायरीवर दिली होती तशीच, अंग चोरून तो उजवीकडं सरकला. पुन्हा सरकला. उजव्या टाचेखाली फळी संपली तेव्हा त्याला जाग आली. त्यानं दोर पकडला. त्याचा एक पाय हवेत होता, आणि खाली भोपळ्यांचे ढीग बोटाएवढे दिसत होते.

"सरू नकोस," तो स्वतःशीच पुटपुटला. पण अंग ऐकेना. दोराभोवतीची बोटं एक एक करून सैल होत होती, अगदी अदबीनं.

इतक्या उंचावर, त्या गलक्यात, कुणाला काय ऐकू येणार? त्यानं डोळे मिटले आणि ते नाव घेतलं. हळूच, अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसं.

"ओ," अगदी कानाजवळून उत्तर आलं.

मग खालून, दोर धरलेल्या गड्यांकडून, "ओ." मासेवालीकडून. कमानीच्या सावलीत उभ्या असलेल्या शिपायाकडून. कांदिदुसकडून. मडकी विकणाऱ्या म्हातारीकडून, शेळ्यांच्या बाजारातून, स्नानगृहाच्या दारातून, "ओ," "ओ," "ओ." कुणी ओरडलं नाही. घरातून बोलावणं आलं की कामात गुंतलेला माणूस देतो तशी साधी ओ, प्रत्येकानं आपापल्या आवाजात दिली. शिडीच्या पायथ्याशी अरिषत उभी होती. ती केव्हा आली कुणास ठाऊक. तिनं वर पाहिलं, तोंड उघडलं, आणि ऑलिव्ह जमिनीवर पडलं.

क्षणभर सबंध लेप्किस गप्प होतं.

मग एक शेळी ओरडली. मासेवालीनं भाव सांगितला. शिपाई दात कोरू लागला. वारा आला आणि फळीवरची भुकटी उडवून घेऊन गेला. फळी सरळ झाली होती आणि इद्दिबाल तिच्या मधोमध गुडघ्यांवर होता.

"झालं का रे?" कांदिदुसनं खालून विचारलं.

"झालं."

"मग उतर की. काय बघतोस असा?"

७

त्याच दुपारी गाढवावर भांडी लादून दोघं ओएआच्या वाटेला लागली. इद्दिबालनं कारण सांगितलं नाही, अरिषतनंही विचारलं नाही. वाट समुद्राच्या कडेनं जाते, चालत तीन दिवसांची. गावात कुणाला काही आठवत नव्हतं. निघताना त्यानं चार जणांना आडून आडून विचारून पाहिलं होतं. दुपारी चौकात जरा शांत झालं होतं का? छे, बाजाराच्या दिवशी कसली शांतता? कांदिदुस तर ताजातवाना दिसत होता. लेकीला खांद्यावर घेऊन तो त्यांना वेशीपर्यंत पोचवायला आला.

दुसऱ्या दिवशी अरिषत म्हणाली, "तुम्ही वर असताना मला हाक मारलीत का? मी ओ दिल्यासारखं वाटतंय."

"मारली होती."

"काय म्हणून?"

"अरिषत म्हणून. आणखी काय म्हणून मारणार?"

तिचं समाधान झालं. पुढं ती गाढवाशी गप्पा मारत चालली, लेकीला काय काय सांगायचं ते त्याला सांगत राहिली. तिच्या जिभेवर आता काही नव्हतं. इद्दिबाल मागून चालत होता आणि त्या ओ पुन्हा पुन्हा ओळीनं लावून पाहत होता. गडी, मासेवाली, शिपाई. त्या सगळ्यांच्या आधी एक आली होती, कानाजवळून. तो आवाज जरा घोगरा होता, ठसका लागून गेल्यासारखा, लेप्किसच्या पाथरवट आळीतल्या हेलाचा. रोममध्ये वाढलेल्या राजपुत्राचा तो नव्हता. तो आवाज त्यानं पन्नास वर्षं आतून ऐकला होता, बाहेरून पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत ओएआ आलं. जावयाचं घर वेशीजवळच होतं. लांबूनच बिरिक्तनं त्यांना ओळखलं, हातातली घागर तिथंच ठेवली, आणि दारातूनच आनंदानं साद घातली, "बाबा!"

इद्दिबाल रस्त्यात थांबला, आणि ओ कोण देतंय याची वाट बघू लागला.